आधी डोळे

त्या साली द्रावा नदी सप्टेंबरात फुगली ती ऑक्टोबर संपेपर्यंत उतरलीच नाही. उतरली तेव्हा मागं मका उभा होता, पण गुडघाभर चिखलात. कोऑपरेटिव्हचा ट्रॅक्टर एकदा बांधापर्यंत आला. ड्रायव्हरनं खाली उतरून चिखलात पाय रोवून पाहिला, पाय निघाला पण बूट तिथंच राहिला, आणि तो एका पायात मोजा घेऊन आल्या वाटेनं परत गेला. म्हणजे मका हातानं काढायचा. आणि त्रेझाच्या घरात तीन माणसांत मिळून हात होते चार.

सकाळी गोठ्याच्या दाराआड ती आणि तिचा नवरा इम्ब्रा उभे राहत. विजार वर धरून तो यायचा, डाव्या अंगठ्यानं आणि उजव्या मनगटाच्या टोकानं. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला कडबा कापायच्या यंत्रानं त्याचा उजवा हात मनगटापासून नेला आणि डाव्याची चारी बोटं. अंगठा तेवढा राहिला. इस्पितळानं एक लोखंडी आकडा दिला होता, तो त्यानं आणल्या दिवशी खुंटीला टांगला, तो अजून तिथंच होता. त्याला आता लसणाची माळ अडकवलेली असे.

विजारीला पाच बटणं. थंडीत ती बर्फासारखी लागायची. त्रेझा दूध काढलेले हात एप्रनला पुसायची, वाकायची, खालून वर एकेक बटण घालत यायची. लावताना ती त्याच्या खांद्यावरून पलीकडं, अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाकडं बघायची. तो छपराच्या वाशांकडं. झालं की तो "हं" म्हणायचा आणि घोड्याकडं जायचा.

"विजारीत इलॅस्टिक घाल की गं त्याच्या," सासू याल्झा एकदा म्हणाली होती.

इम्ब्रानं कोपरानं ताट लोटलं. "मी काय पाळण्यातला आहे?"

"पाळण्यातला असतास तर कधी तरी मोठा झाला असतास," म्हातारी म्हणाली, आणि लोटलेलं ताट पुन्हा त्याच्यापुढं ओढून त्याला मक्याची उकड भरवू लागली.

शेतात दोघी बायका दोन ओळी धरून चालत. बोटाला बांधलेल्या सळईनं कणसाचं पान फाडायचं, कणीस मोडायचं, मागच्या टोपलीत टाकायचं. चिखल पाय सोडत नसे. दर पावलाला बुटातून मांजर ओरडावं तसा आवाज येई. इम्ब्रा गाडी हाकायचा. लगामाची दोरी त्यानं मानेभोवती घेतली होती. डावीकडं वळायचं तर तो स्वतः डावीकडं वाकायचा.

शेजारच्या पट्ट्यात मगदा होती. त्रेझाच्याच वयाची, एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेली, दोन धडधाकट मुलगे आणि तसाच धडधाकट आवाज असलेली.

"काय चित्रकारीण बाई! कुंचला नाही आणला आज? चार कणसं रंगव, पिवळी दिसतील तरी!"

"तुझं नाक रंगवीन, लाल आहे तेवढं पुरे नाही," त्रेझा वर न बघता म्हणाली.

मगदा मोठ्यानं हसली. मग तिचं लक्ष गाडीकडं गेलं. घोड्यानं मान झटकली होती आणि इम्ब्रा दोरीसकट पुढं ओढला जाऊन गाडीच्या कडेवर आपटला होता.

"अगं बाई! यात कोण कुणाला हाकतंय?"

आणि त्रेझाला हसू फुटलं. तिनं ते तोंडातल्या तोंडात दाबलं, पण फुटलं ते फुटलं. इम्ब्रानं दोरी मानेवर सारखी केली. तो तिच्याकडं बघणार म्हणून तिनं टोपलीत डोकं खुपसलं. तो बघत नव्हता. दिवसभर ते हसू दाताखालच्या खड्यासारखं तिच्या तोंडात राहिलं.

चित्रं काढायला ती शिकली तो हिवाळा इम्ब्रा इस्पितळात होता तोच. गारपिटीनं फुटलेल्या खिडक्यांसाठी आणलेल्या काचांतले तीन तुकडे उरले होते. पलीकडच्या गावातले दोन-तीन शेतकरी काचेवर चित्रं काढतात, शहरातले लोक मोटारी घेऊन त्यांच्याकडं येतात, हे तिला ऐकून माहीत होतं. एकदा दुधाचा डबा घेऊन ती त्यांच्यातल्या एकाच्या कुंपणापाशी उभीही राहिली होती. तो बाहेर आला, म्हणाला, "दूध आहे आमच्याकडं." ती म्हणाली, "बरं," आणि घरी आली. तिचं शिक्षण एवढंच.

तिनं पहिल्यांदा काढली ती गाय. काचेच्या पाठीवर आधी तांबूस रंग फासला, तो वाळल्यावर त्यावर डोळे, नाकपुड्या, कपाळावरचा चांद. मोठ्या हौसेनं काच उलटी केली, तर पुढून नुसतं तांबडं ढेकूळ. डोळे सगळे मागं राहिलेले. ती चुलीपाशी बसून रडली, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं. काचेवर सगळं उलट असतं. जे माणसाच्या सगळ्यात जवळ दिसायचं, ते सगळ्यात आधी. आधी डोळे. मग पापणी, मग कातडी, मग कपडे, मग भिंत, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. एकदा वरून रंग चढला की आधीचं झाकलं जातं. पुढून काय झालंय ते काच उलटी करीपर्यंत कळत नाही. हे तिला कुणी सांगितलं असतं तर एक दिवस लागला असता. तिला सहा आठवडे लागले आणि तिन्ही तुकडे गेले.

पुढं ती आठवडी बाजारात चीजच्या गोळ्यांमध्ये एखादी काच उभी करू लागली. बर्फातली घरं, कोंबडे. पहिलं चित्र विकलं गेलं तेव्हा ते घेणाऱ्या बाईनं चीजचाही वास घेऊन पाहिला आणि चीज नको म्हणाली.

"काच पुसायची असते," याल्झा म्हणायची. पण त्या चित्रांवर घरात साखर आली, मीठ आलं, इम्ब्राचं मलम आलं, आणि म्हातारी काचांना धक्का न लावता त्यांच्या भोवतीनं झाडू लागली.

डॉक्टर प्रेलोग आला तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. झाग्रेबचा दातांचा डॉक्टर. या भागातली चित्रं गोळा करायचा त्याला नाद होता. बुटांना चिखल लागू नये म्हणून अंगणातून तो बगळ्यासारखा आला. इम्ब्रा आणि याल्झा मका उतरवत होते. त्रेझानं चित्रं स्वयंपाकघरातल्या बाकावर ओळीनं मांडली. डॉक्टरनं एकेक काच नखानं टिचकी मारून पाहिली, किडका दात शोधावा तशी.

"हा कोंबडा चांगला आहे," तो म्हणाला. "असे अकरा कोंबडे आहेत माझ्याकडं."

"हा बारावा," त्रेझा म्हणाली. तिचे कान तापले होते.

"बाई, कोंबडे सगळेच काढतात. तुमचा हात चांगला आहे. पण या चित्रांत तुम्ही कुठंच नाही."

एवढंच म्हणाला. हातमोजे घालायला लागला. आणि त्रेझाला काय झालं कोण जाणे, ती गेली, पिठाची पेटी बाजूला सरकवली, आणि तिच्याखाली जुन्या चादरीत पालथी ठेवलेली काच काढून तिनं त्याच्यापुढं धरली.

ते गोठ्याचं दार होतं. दारात इम्ब्रा, दोन्ही हात थोडे वर धरलेले, वाट बघणाऱ्या माणसासारखे. उजव्या टोकावर शिवणीचे वण, डावीकडं एकटा अंगठा. पुढं ती स्वतः वाकलेली, बोटं तिसऱ्या बटणावर. भिंतीवर ओल आलेली. याच सप्टेंबरात, नदी दाराशी आलेली असताना, तिनं ते काढलं होतं. काढून झाल्यावर पुढून फक्त दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा तिची नजर सरळ त्या हातांवर गेली होती आणि तिनं काच पालथी घातली होती. नवऱ्याची अब्रू आपण चार रंगांत काढून ठेवली, याची लाज.

डॉक्टरनं हातमोजे पुन्हा काढले. चित्राकडं बघे, मग तिच्याकडं, मग पुन्हा चित्राकडं.

"हे," तो म्हणाला. "रविवारी संत मार्टिनच्या सणाला तुमच्या आगीच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये आम्ही चित्रं लावतोय. शहरातली माणसं येणार आहेत. हे मधोमध लावू. वसंतात हे झाग्रेबला जाईल. हे लावलंत तर तुम्ही चित्रकार. नाही तर कोंबडे आहेतच."

"हो," त्रेझा म्हणाली.

तो गेल्यावर तिला कळलं की आपण हो म्हणालो. बंबखान्यात अख्खं गाव येतं. नव्या वाइनसाठी येतं, हंसाच्या मटणासाठी येतं, आणि फुकटात काही लावलेलं असलं तर तेही बघतं. मगदा येईल. पाद्री येईल. इम्ब्रा येईल.

पुढचे तीन दिवस तिनं कणसं मोडली. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. रोज सकाळी बटणं लावताना तिला वाटे, आता सांगावं. पण बटणं लावून घेणाऱ्या माणसाला असलं काही कसं सांगायचं? आणि बटणं लागली की तो "हं" म्हणून निघून जायचा. नाही म्हणून डॉक्टरला कळवावं, असंही वाटे. पण मग डोळ्यापुढं तो अकरा कोंबड्यांचा थवा येई, आणि तिला राग येई. आणि रागाच्या मागोमाग लाज, की आपल्याला चित्राचं एवढं पडलंय.

शनिवारी याल्झा आणि इम्ब्रा गाडी घेऊन गिरणीत गेले. त्रेझानं काच टेबलावर पालथी ठेवली. इम्ब्राची दाढी ती ज्या पात्यानं करायची, ते घेतलं. मागून त्याच्या चेहऱ्याएवढी जागा खरवडायची आणि दुसरा कुणाचा तरी चेहरा घालायचा, असं तिनं ठरवलं होतं. मग हात? जिल्ह्यात असे हात दुसऱ्या कुणाचे होते? म्हणजे हातही खरवडायचे. मग राहिलं काय, ओल आलेली भिंत आणि बटणं.

तिनं पातं टेकवलं तेवढ्यात दार खांद्यानं ढकललं गेलं.

"आई गिरणीत बसलीय. रांग आहे," इम्ब्रा म्हणाला. मग, "काय करतेयस?"

"काही नाही. जरा रंग सांडलाय."

"दाखव."

"वाळलं नाही अजून."

"दोन महिने पिठाच्या पेटीखाली होतं आणि वाळलं नाही?"

तिच्या हातातलं पातं टेबलावर पडलं.

"पेटी मला पायानं सरकवता येते, त्रेझा," तो म्हणाला. "चादर दातानं काढली. काच पालथी होती. मागून नुसता पांढरा रंग नि थोडा निळा. उलटवायला गेलो तर फुटेल म्हणून नाही उलटवली. रोज बघायचो, तू आज तरी सुलटी ठेवली असशील म्हणून."

तिनं काच उचलली. खिडकीच्या उजेडाकडं चित्र करून तिनं ती त्याच्यापुढं धरली, आणि स्वतः काचेमागं उभी राहिली. तिला पांढऱ्या-निळ्या रंगाखेरीज काही दिसत नव्हतं. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हात बरोबर आलेत," तो म्हणाला. "हा वण इस्पितळातल्यानं वाकडा शिवला होता, तोही घेतलायस."

"इम्ब्रा, मी नाही लावत हे. मी डॉक्टरला—"

"ही कुठं बघतेय?"

"कोण?"

"तू."

"कुठं म्हणजे? अक्रोडाकडं."

"अक्रोडाकडं असं बघतात?"

तिनं काच उलटी केली. पहिल्यांदा तिनं त्या हातांवरून नजर उचलून बाईच्या तोंडाकडं पाहिलं. कोऱ्या काचेवर वाकून काम करताना काचेत आपलं तोंड दिसतंच. त्या सकाळी, दुसरं काहीही काढायच्या आधी, गोठ्याच्या दारातला तो वेळ मनात आणून तिनं ते दिसलं तसं उतरवलं होतं. आधी डोळे. मग ओठाची कड. मग त्यावर कातडी चढली, ओढणी चढली, भिंत चढली आणि ती ते विसरली होती. टाकीत पडून मेलेली कोंबडी पायाला धरून बाहेर काढताना माणूस जसं तोंड बाजूला करतो, तसं ते तोंड होतं.

बाहेर घोड्यानं खूर आपटला.

"मला वाटायचं," इम्ब्रा हळू म्हणाला, "मला लाज वाटू नये म्हणून तू तिकडं बघतेस. आईला एकदा म्हणालो होतो मी. म्हटलं, त्रेझा किती समजून वागते बघ."

"मी खरवडते. आत्ता खरवडते. डोळे नवे घालते, रात्रीपर्यंत वाळतील, चुलीपाशी ठेवीन."

"नवे कुठून आणणार?"

तो दाराकडं वळला. कडी अंगठ्यानं उचलायला त्याला दोन वेळा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं.

"चौकट करून आण सुताराकडून," तो मागं न वळता म्हणाला. "जाड लाकडाची सांग. काच पातळ आहे."

रविवारी सकाळी ती गोठ्याच्या दाराआड उभी राहिली. दूध काढून झालं, डबा निवला, तो आला नाही. मग खिडकीतून तिला दिसलं, स्वयंपाकघरात याल्झा त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसली होती, चष्मा कपाळावर, बटणं चाचपत. म्हातारीला वाकता येत नव्हतं म्हणून ती गुडघ्यांवर बसली होती. इम्ब्रा छताकडं नव्हे, आईच्या पांढऱ्या डोक्याकडं बघत होता.

चित्र घेऊन त्रेझा एकटीच हॉलवर गेली.

बंब बाहेर अंगणात काढला होता. आत भाजलेल्या हंसाचा, ओल्या कोटांचा आणि आंबूस वाइनचा वास. एका कोपऱ्यात कागदाचा मुकुट घातलेला कोणीतरी बिशप होऊन नव्या वाइनचा बाप्तिस्मा करत होता आणि लोक आमेन म्हणून प्याले उचलत होते. डॉक्टर प्रेलोगनं तिची काच खरंच मधोमध लावली होती, दिव्याखाली, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दोन्हीकडं पलीकडच्या गावातल्या पुरुषांची चित्रं, कापणीची, लग्नाची.

त्रेझा जाऊन आपल्या चित्रापुढं उभी राहिली. लग्नातल्या फोटोसारखी ताठ. हलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"सरक की गं, बघू दे जरा," मगदा प्याला घेऊन आली.

"काय बघायचंय, कोंबडे आहेत."

"कोंबडे?" मगदानं मान लांब केली. तिच्या मागं आणखी चौघीजणी थांबल्या, त्यांच्यामागं पुरुष. "अगं, हा तर... अगं बाई, हा इम्ब्रा!"

"हात बघ गं, हात. जसेच्या तसे."

"आणि ही बटणं लावतेय. विजारीची."

तिला वाटत होतं आपण सगळं चित्र झाकलंय. तिनं तिरक्या नजरेनं मागं पाहिलं. इम्ब्राचे दोन्ही हात, त्याचं तोंड, बटणं, सगळं तिच्या उजव्या खांद्यापलीकडं उघडं होतं. तिच्या पाठीनं फक्त एकच गोष्ट झाकली होती, ती वाकलेल्या बाईचं तोंड. पाय आपोआप बरोबर तिथं येऊन उभे राहिले होते.

कोणी हसेना. तिला ते हवं होतं, कोणीतरी हसावं. मगदाचे डोळे भरून आले होते.

"त्रेझा," ती म्हणाली, "मी बाई तुला काय काय बोलते. आणि तू रोज हे करतेस. किती माया लागते गं याला."

"आमच्या घरचीला म्हणावं, बघ," एक म्हातारा म्हणाला. "मी पाय मोडून पडलो तर ही मला बूटसुद्धा घालणार नाही."

"साध्वी आहे," पाद्री म्हणाला, आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शहरातल्या दोन बायका पुढं झाल्या. कोणीतरी तिच्या हातात वाइनचा प्याला दिला. डॉक्टर प्रेलोग गर्दीच्या कडेला उभा होता. त्यानं चित्र पूर्ण पाहिलं होतं. त्रेझाला वाटलं, इथंच थांबावं. कोणी चित्र काढून नेईपर्यंत असंच उभं राहावं. रात्र झाली तरी. सगळ्यांना हेच अर्धं दिसू द्यावं, वसंतात झाग्रेबलाही आपण चित्राबरोबर जावं आणि तिथंही असंच उभं राहावं. ती हसलीसुद्धा. "करावं लागतं," ती म्हणाली. स्वतःचा गोड आवाज ऐकून तिनं प्याला ओठाला लावला.

दाराजवळची माणसं बाजूला झाली. इम्ब्रा आत आला. आईनं वरचं बटण चुकवून खालच्या काजात घातलं होतं, त्यामुळं विजार एका बाजूला ओढली गेली होती. त्यानं हात खिशात लपवले नव्हते. त्याला वाट देत लोक त्याच्याकडं बघत होते, चित्राकडं बघत होते. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "नशीबवान आहेस लेका!"

इम्ब्रा चालत तिच्यापुढं येऊन उभा राहिला. त्यानं तिच्या हातातला प्याला पाहिला, खांद्यावरचा पाद्रीचा हात पाहिला, मगदाचे ओले डोळे पाहिले. सगळं ऐकलं होतं त्यानं, दारातूनच. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"बाजूला हो, त्रेझा," तो म्हणाला, नेहमीच्याच आवाजात, गाडी मागं घेताना सांगावं तसं. "लोकांना अर्धंच दिसतंय."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, चित्राकडंही नाही. मागं थांबलेल्या माणसांना दिसावं म्हणून तो स्वतःही एक पाऊल कडेला झाला होता आणि तिची वाट बघत होता.

त्रेझा बाजूला झाली.